फोकसिंग स्क्रीन, भाग 4: ॲडॉप्टर बिचारा निर्दोष निघाला

सापडलं एकदाचं! माझ्या कॅनन 5डी मार्क 2 मध्ये मी नवी फोकसिंग स्क्रीन बसवलीय, म्हणजे आरशाच्या वरची ती काच जिच्यावर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उमटतं. ॲडॉप्टरने (निकॉनची लेन्स कॅननवर बसवणाऱ्या कडीने) लावलेल्या 50 मिमी 1.4 निक्कॉर लेन्सने डोळ्यावर फोकस करावा आणि फोटोत नाकाचा शेंडा शार्प यावा, हे रडगाणं मागच्या भागात गाऊन झालंय. तेव्हा मी सगळं खापर ॲडॉप्टरवर फोडलं होतं. दुसरा मागवला, तोही तसाच. परवा बडोद्याच्या दांडिया बाजारात दूध घ्यायला उभा असताना ट्यूब पेटली. ॲडॉप्टर जाड असो की पातळ, स्क्रीनवर पडणारा प्रकाशही त्यातूनच येतो आणि सेन्सरवर पडणाराही. फार तर अनंताचा फोकस बिघडेल, दोघांत तफावत कशी पडेल? तीन आठवडे वाया, वर एका ॲडॉप्टरचे पैसे.

मग 5डी मार्क 2 ट्रायपॉडवर, समोर तिरकी पट्टी. व्ह्यूफाइंडरमधून फोकस, लगेच लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट सेन्सरचं चित्र) 10 पट मोठा करून पाहायचं. दर वेळी रिंग अनंताकडे सरकवावी लागली, म्हणजे स्क्रीन आरशाच्या जास्त जवळ बसलीय. मायक्रोमीटर लावला तर नवी स्क्रीन जुनीपेक्षा 0.06 मिमी जाड! कॅननची 'ओरिजिनल ईजी-एस' स्क्रीन म्हणून विकणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. 1.4 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, सेन्सरपाशी दोन्ही बाजूंना जेमतेम 0.04 मिमीची सूट असते, तिथे 0.06 म्हणजे कहर.

स्क्रीनच्या वरचा 0.1 मिमीचा शिम (अंतर जुळवायची पातळ पट्टी) काढला, तर आता कान शार्प. हवा होता 0.04 चा. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पितळी शिमपट्टी मिळते, पण दुकानदार अख्खा रोल घ्या म्हणतो. शेवटी स्वयंपाकघरातली फॉइल. डब्यावर 11 मायक्रॉन लिहिलंय, चार थर कापून लावले. मधोमध सुरेख! पण फ्रेमची उजवी बाजू धूसरच. आरशाचा कोन गेला म्हणून रात्री झोप नाही. सकाळी भिंगाखाली पाहिलं तर माझ्याच चिमट्याने फॉइलला चुणी पडलेली. पुन्हा कापली, वहीत दाबून सपाट केली, बसवली. आईची पापणी 1.4 ला, केसन् केस मोजून घ्या.

भाचा लग्नं शूट करतो, कॅननचा बिनआरशाचा ईओएस आर वापरतो. म्हणाला, "मामा, एवढ्यात माझं रिसेप्शन आटोपून अल्बमही गेला असता." खोटं नाही. त्याच्या ईव्हीएफमध्ये (इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये) सेन्सरच दिसतो, त्यामुळे हा रोग त्याला होणारच नाही. एक्स्पोजरही आधीच कळतं. पोटासाठी कॅमेरा धरणाऱ्याला मी आज आरशाचा कॅमेरा घे म्हणणार नाही. पण नवरात्रात त्याच्याच कॅमेऱ्यातून गरबा पाहिला, एलईडीखाली सगळीकडे पट्टे सरकत होते. शटर 1/100 वर आणल्यावर थांबले. माझ्या व्ह्यूफाइंडरच्या काचेतून गरबा गरब्यासारखा दिसतो, इतकंच माझं म्हणणं.

पुढचं काम आरशाचा फोम बदलायचं ठरलं होतं. ते आता लांबणीवर, कारण उत्तरायणला (संक्रांतीला) पतंगांवर मामा-भाच्याची पैज लागलीय: त्याचा ईव्हीएफ, माझी काच. 70-300 झूम लावीन म्हणतो... अरे, पण ही स्क्रीन 5.6 एवढ्या लहान छिद्राला अंधारी कोठडी होते! मग जुनी परत बसवायची, म्हणजे 0.1 चा शिमही परत. नको रे बाबा. 135 मिमी 2.8 निक्कॉर काढतो, पतंग जवळ येईपर्यंत गच्चीवर थांबतो. काढलेला शिम काडेपेटीत ठेवलाय, वर तारीख लिहून.