मनगटावरची वेळ

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून पाठवा, असा हर्णैच्या आपल्या शाळेतून फोन आला. फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आली ती प्रयोगशाळेतली लाल क्रॉसची पेटी. सगळ्याच गुरुजनांचे माझ्यावर ऋण आहे, पण मला लिहायचे आहे ते आपल्या नेव्हीवाल्या सरांबद्दल.

मस्टरवर सर प्रयोगशाळा सहायक. त्याआधीची पंधरा वर्षे नौदलात मेडिकल असिस्टंट. कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात शिकलेले आणि १९७१च्या युद्धात जहाजावर असलेले. लहान जहाजावर बहुधा डॉक्टर नसतो, सगळी भिस्त मेडिकल असिस्टंटवर. लढाईत अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाचेच ऑपरेशन टेबल व्हायचे, हे त्यांनी आम्हाला स्पिरिटचा दिवा पुसता पुसता सांगितले होते. समुद्रावरच्या लढाईत भाजण्याचे भय मोठे, म्हणून तोंडावर आणि हातांवर जाड सुती कापड चढवून उभे राहायचे. प्रॅक्टिकलला कुणाचे बोट पोळले की सर आधी त्याला हौदावर पिटाळत. शाई, चुना, राख काही लावू देत नसत.

मी आठवीत होते, १९८२ साल. शनिवारची सकाळची शाळा. निघण्याआधी बाबांच्या गळाच्या दोऱ्या सोडवत होते, तेवढ्यात एक गरी, म्हणजे गळाचा आकडा, अंगठ्याखालच्या मांसात आरपार रुतली. गरीला उलटा काटा असतो, ओढली की मांस फाडून येते. आई मला तशीच, हातातून दोरी लोंबत, शाळेत घेऊन आली. डॉक्टर दापोलीला आणि सर इथे, एवढाच तिचा हिशेब.

"सर, पोरीचा हात जाईल का हो?"

सरांनी आईला स्टुलावर बसवले. माझा हात साबणाने धुतला, आयोडीन लावले. "बाय, रडायचं तर रड, पण हात हलवू नको." मग गरी मागे न ओढता त्यांनी पुढेच ढकलली. टोक कातडीबाहेर आले, उलटा काटा पकडीने तोडला आणि उरलेली तार अलगद मागे काढून घेतली. पकड आधी स्पिरिटमध्ये बुडवली होती, हेही मला आठवते.

"किती वाजता लागली?"

"सातची एस्टी नुकतीच गेली होती."

सरांनी जांभळी पेन्सिल पाण्यात बुडवली आणि माझ्या मनगटावर लिहिले : गरी, स. ७-०५. त्याखाली : काढली, ७-४०. मग धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी. सरांच्या घरी सुई-सिरिंज होती, पण डॉक्टरच्या कागदाशिवाय त्यांनी गावात कुणालाच कधी टोचले नाही.

हातावर का लिहिले, असे मी सोमवारी विचारले. जहाजावर जखमीला वेदना थांबवणारे मॉर्फिन दिले की कपाळावर 'एम' आणि वेळ लिहायची, म्हणजे दुसरा कुणी पुन्हा देणार नाही. "जखमी बोलेलच असं नाही. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे."

४ डिसेंबरच्या नौदल दिनाला आम्ही कराचीवरच्या हल्ल्याची गोष्ट मागायचो. सर ती दोन वाक्यांत संपवत. ९ डिसेंबरला मात्र प्रार्थनेनंतर स्वतः पुढे येत. १९७१च्या युद्धात दीवजवळ 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. एवढेच सांगून दोन मिनिटे स्तब्ध. त्या जहाजावर सरांचा ट्रेनिंगमधला सोबती होता, हे आम्हाला खूप उशिरा कळले. त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये चहालाही जात नसत.

दहावीनंतर घरी माझ्या लग्नाचे चालले होते. सर बंदरावर आले, मासळीचा लिलाव संपेपर्यंत वाळूत उभे राहिले आणि मग आईशी बोलले. नर्सिंगचा फॉर्म त्यांनीच आणला होता. पस्तीस वर्षे मी मुंबईत नर्स म्हणून काढली, सिस्टर इन्चार्ज होऊन निवृत्त झाले. नव्या मुलींना ड्रेसिंगच्या पट्टीवर तारीख आणि वेळ लिहायला शिकवताना दर वेळी ती जांभळी पेन्सिल आठवली. किती मुली शिकवल्या, मोजल्या नाहीत.

२०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने प्रयोगशाळेची कौले नेली, त्याच पावसाळ्यात सर गेले. मी कोविड वॉर्डात होते. येता आले नाही. हे मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीत शाळेत आले होते. नवी स्लॅबची इमारत छान आहे, कॉम्प्युटरची खोली आहे. पेटीबद्दल विचारले, कुणाला माहीत नव्हते. मुलांना लागले तर पालकांना फोन करतो, असे सांगितले. हर्णैच्या मुलांचे हात अजून गऱ्यांतच असतात.

समारंभाला येताना मी एक पेटी भरून आणते आहे : त्रिकोणी पट्ट्या, गॉझ, कापूस, आयोडीन, कात्री, पकड, पेन्सिल. कोणाच्या हवाली करायची ते मुख्याध्यापकांनी कळवावे. तिला कुलूप मात्र लावू नये. सरांच्या पेटीला कधीच नव्हते.