कप्प्यांचं ताट

दुपारी दीडच्या गर्दीत कोल्हापूरच्या खानावळीत कप्प्यांचं स्टीलचं ताट घेऊन चाललेल्या माणसाकडं जरा बघावं. ताट किंचित कललं की तांबडा रस्सा भिंत ओलांडून भातात उतरतो, भाताचा खण भरला की तिथून कोशिंबिरीत. ताटाला भोक कुठंच नसतं. भिंती फक्त बोटभर उंच असतात आणि वर झाकण नसतं.

टायटॅनिक अशीच बुडाली. 15 आडव्या भिंती, 16 कप्पे. पुढचे 4 भरले तरी जहाज तरंगेल असा हिशेब. 14 एप्रिल 1912 च्या रात्री हिमनग घासला आणि पाच-सहा कप्प्यांत पाणी शिरलं. सगळ्या फटी मिळून अंदाजे 12 चौरस फूट, म्हणजे घराच्या दारापेक्षाही कमी. पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, खाली गेली, भिंतीची वरची कड पाण्याखाली आली आणि पाणी तिच्यावरून मागच्या कप्प्यात. 2 तास 40 मिनिटांत सगळं आटोपलं. "इतके कप्पे असून बुडाली कशी?" असं विचारणाऱ्याला भिंतींची उंची विचारावी.

मात्र कप्पे वाढवले की झालं, असंही नाही. परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून बघा: जिकडं कलेल तिकडंच सगळं धावतं आणि कल आणखी वाढवतं. जहाजातही तेच. मधोमध लांबीला एक भिंत घातली की हा धोका चौथाईवर येतो. पण मग एकच बाजू भरली तर जहाज त्या कुशीवर झोपायला लागतं! म्हणून समोरच्या बाजूला नळ जोडून तिकडंही पाणी मुद्दाम घेतात. बुडू नये म्हणून पाणी आत घ्यायचं.

खरी गोची जहाजाच्या भिंतींतल्या दारांची. दार पाणी अडवतं का हे बघायला चौकटीच्या धारेला खडू घासायचा, दार आवळून लावायचं, उघडायचं. दाराच्या कडेच्या रबरावर रेघ सलग उमटली तर ठीक, तुटली तर पाणी तिथूनच येणार. रंगारी हमखास त्या रबरावरही ब्रश फिरवतो. रबर कडक होतं आणि मग दार नुसतं दिसायला बंद. भिंतीतून नवी वायर ओढून भोक तसंच ठेवणारे तर वेगळेच.

पंचगंगेच्या पुरात फिरणाऱ्या रबरी बोटींत हेच कप्पे हवेचे असतात. बुडालेल्या पत्र्यानं एक फाटला तरी बाकीच्यांवर बोट तगते. फुगवताना मात्र एकच आधी टम्म करायचा नाही. सगळे थोडे थोडे, मग पुरते. नाहीतर मधला पडदा शेजारच्या रिकाम्या कप्प्यात ताणला जातो.

रश्श्याचं म्हणाल तर वाटी मागावी. भिंत उंच असते तिची. ताट कललं की अख्खी वाटीच घसरते, ते वेगळं.