क्रेन पक्ष्यांच्या मागे मागे दक्षिणेला: मिशिगन ते फ्लेमिंगो, एकटीने

मिशिगनच्या जानेवारीत थंडीचं एक वेळ चालतं, जॅकेट आहे, हीटर आहे, पण दोन-दोन आठवडे सूर्य दिसत नाही ना, ते अंगावर येतं. म्हणून इथले रिटायर्ड लोक दिवाळी-थँक्सगिव्हिंग झालं की आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, काढतात आणि आय-७५ हायवे पकडून फ्लोरिडाला जातात ते थेट एप्रिलमध्ये परत. त्यांना इथे स्नोबर्ड म्हणतात. यंदा मीपण गेले, एकटी, माझ्या साध्या सेडान गाडीने. डेट्रॉइटहून मायामी विमानाने तीन तासांत होतं हे मला ऑफिसात आणि घरात सगळ्यांनी सांगितलं, पण मला मायामीला जायचंच नव्हतं, मला फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या फ्लेमिंगो नावाच्या जागेपर्यंतचा मधला रस्ता बघायचा होता, आणि त्याचं कारण एक पक्षी.

मी मूळची गोंदियाची. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारसाचं जोडपं दिसणं ही लहानपणी रोजची गोष्ट होती, आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. इथे मिशिगनमधल्या नोव्हीला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरमध्ये कुणीतरी जॅक्सनजवळच्या हेनली सँक्चुअरी या पक्षी अभयारण्यात नेलं आणि संध्याकाळी सँडहिल क्रेनचे थवेच्या थवे दलदलीत उतरताना बघितले. राखाडी अंग, कपाळ लाल, उंची साधारण चार फूट, म्हणजे आपल्या सारसापेक्षा लहान, पण चाल तीच आणि आवाज तसाच, मैलभर लांबून ऐकू येणारा. नंतर वाचलं की हे पक्षी मिशिगन-विस्कॉन्सिनमधून निघून इंडियाना, टेनेसी, जॉर्जिया करत फ्लोरिडात जातात, आणि नकाशावर बघितलं तर त्यांचा बराचसा रस्ता आय-७५ च्या आसपासच आहे! तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा यांच्या मागे जायचं.

तयारीत फार काही नाही. वॉशर फ्लुइड उणे तापमानाचं भरलं, कारण बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने काच दर पाच मिनिटाला पांढरी होते. टायरची हवा बघितली. खायला दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. एकटी बाई असल्यामुळे माझे काही नियम ठरलेले आहेत, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं, लोकेशन दोन माणसांना कायम शेअर. आई रोज रात्री फोनवर विचारायची, "जेवलीस का, आणि खोलीचं दार नीट लावलंस ना गं?" दोन्हीला हो म्हटलं की तिला झोप लागायची.

ओहायो पूर्ण पांढरं. सिनसिनाटीला ओहायो नदीवरचा तो जुना डबल डेकर पूल ओलांडला की केंटकी, आणि तिथे पहिल्यांदा बर्फाखालचं गवत दिसायला लागतं, आधी ठिगळा-ठिगळाने, मग लेक्सिंग्टनच्या पुढे सगळंच पिवळट तपकिरी. टेनेसीच्या सीमेवर जेलिकोचा डोंगर, मोठा उतार, ट्रक सगळे उजव्या लेनमध्ये ब्रेक दाबत, तो उतरल्यावर गाडी बाहेरचं तापमान ४१ फॅरनहाइट, म्हणजे ५ सेल्सिअस दाखवत होती. निघताना १२ होतं, म्हणजे उणे ११ सेल्सिअस. विमानात बसलं असतं तर हे काहीच कळलं नसतं, एका दारातून आत आणि दुसऱ्या दारातून बाहेर. गाडीने जाताना थंडी आपल्या अंगावरून एकेक कपडा काढत जाते, आधी हातमोजे, मग टोपी, मग ते जाड जॅकेट मागच्या सीटवर.

नॉक्सव्हिलच्या खाली कॅल्हूनजवळ रस्त्यावर धुक्याची सूचना देणारे मोठे बोर्ड आणि दिवे लागतात. ११ डिसेंबर १९९० ला इथे दाट धुक्यात ९९ गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या आणि १२ माणसं गेली, त्यानंतर ही यंत्रणा बसवली. धुकं वाढलं की वेगमर्यादा आपोआप कमी होते. मी गेले तेव्हा सकाळी थोडं धुकं होतंच, बोर्डवर वेग कमी करायला सांगितलं होतं आणि सगळे मुकाट ऐकत होते. धुकं येतं ते हिवासी नदीमुळे, आणि क्रेनसुद्धा याच नदीमुळे येतात.

हिवासी रेफ्युज हे पक्ष्यांसाठी राखलेलं अभयारण्य, ही माझी पहिली खरी जागा. हिवासी नदी टेनेसी नदीला मिळते तिथे उथळ पाणी आहे, मधे बेटं आहेत आणि वन्यजीव खात्याने पक्ष्यांसाठी मक्याची शेतं ठेवलीत. हायवे सोडून बर्चवूडकडे जायचं, शेवटचा तुकडा कच्चा रस्ता, मग एक छोटी निरीक्षणाची जागा. गाडीचं दार उघडलं आणि आधी आवाज आला, दिसायच्या कितीतरी आधी. हजारो क्रेन. शेतात चरणारे, पाण्यात एका पायावर उभे, वरून पाय लोंबकळत सोडून उतरणारे, आणि मधेच एखादं जोडपं समोरासमोर उड्या मारत नाचायला लागायचं. एकेकाळी हे पक्षी शिकारीमुळे आणि दलदली बुजवल्यामुळे पूर्वेतून जवळजवळ संपले होते, १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये मोजक्या जोड्या उरल्या होत्या. शिकार थांबली, पाणथळ जागा राखल्या, आणि आज हे. गोंदियाच्या मुलीला हे बघताना काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. होऊ शकतं, एवढंच सारखं मनात येत होतं.

शेजारी स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लांबचं बघायची दुर्बीण लावून एक आजी उभ्या होत्या, त्यांनी मला बोलावून डोळा लावायला दिला, राखाडी गर्दीत दोन पांढरे शुभ्र, जरा उंच पक्षी. हूपिंग क्रेन! १९४१ मध्ये जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते. पुढे २००१ पासून बरीच वर्षं माणसांनी पांढरे झगे घालून पिल्लं वाढवली आणि छोट्या अल्ट्रालाइट विमानांच्या मागे त्यांना विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंत उडवत नेलं, कारण हे पक्षी दक्षिणेचा रस्ता मोठ्यांकडून शिकतात आणि शिकवायला मोठं कुणी राहिलंच नव्हतं. एका माणसाने पक्ष्याला रस्ता दाखवायचा यापेक्षा सुंदर काम मला तरी माहीत नाही.

बाजूलाच चेरोकी रिमूव्हल मेमोरियल आहे, ते चुकवू नका. १८३८ मध्ये चेरोकी या इथल्या मूळ रहिवासी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून पश्चिमेला पाठवलं, त्यातले हजारो लोक इथल्याच ब्लाइथ फेरी या नावेच्या घाटावरून टेनेसी नदी पार करून गेले. दगडावर कुटुंबप्रमुखांची नावं कोरली आहेत. मी नावं वाचत बराच वेळ तिथे थांबले, वर क्रेन ओरडतच होते.

जॉर्जियाबद्दल थोडक्यात. अटलांटाचा ट्रॅफिक, लाल माती, मग मेकनच्या पुढे सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूला पाइनची झाडं. एका मोटेलचे मालक नवसारीकडचे निघाले, काकूंनी आलं घातलेला चहा दिला आणि "बेटा, एकटी?" म्हणून सकाळी बरोबर थेपले बांधून दिले. दक्षिणेतल्या छोट्या गावांतल्या कितीतरी मोटेलमध्ये काउंटरवर गुजराती कुटुंबं भेटतात आणि एकटीने फिरताना त्याचा किती आधार वाटतो ते मी अनुभवलंय. तिथेच कारवॉशला गाडी धुतली, मिशिगनचं सगळं मीठ गेलं.

फ्लोरिडात पहिला मुक्काम गेन्सव्हिल, आणि तिथला पेन्स प्रेअरी स्टेट पार्क. एकट्या प्रवाशाने लक्षात ठेवा, फ्लोरिडाच्या बऱ्याच स्टेट पार्कमध्ये गाडीत एकच माणूस असेल तर ४ डॉलर, नाहीतर ६. पेन्स प्रेअरी म्हणजे अफाट मोठं गवताळ, पाणथळ मैदान. १८७१ च्या सुमाराला इथलं पाणी जमिनीत मुरायचं ते भोक बुजलं आणि सगळ्याचा तलाव झाला, इतका की त्यावर वाफेच्या बोटी चालायच्या, मग १८९१ मध्ये भोक मोकळं झालं आणि तलाव जमिनीत निघून गेला, बोटी चिखलात. खाली सगळा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे इथे पाणी कधी कुठे जाईल सांगता येत नाही. ला चुआ ट्रेलवर पायवाटेच्या कडेला मगरी, म्हणजे अ‍ॅलिगेटर, ऊन खात पडलेले असतात, अंतर ठेवून चालायचं. लांबवर बायसन दिसले, ते १९७५ मध्ये परत आणून सोडलेत, आणि रानटी घोडे. आणि क्रेन तर होतेच. वर्षभर फ्लोरिडातच राहणारे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे, दोन्ही एकत्र चरत होते, बघून कुठला कोण ते ओळखू येत नाही. टॉवरवर एक आजोबा भेटले, टोपीवर मिशिगन युनिव्हर्सिटीचा पिवळा एम, जॅक्सनजवळच राहतात. "हे माझ्या शेतातले आहेत, मी ओळखतो," म्हणाले, आणि खरंच गंभीरपणे म्हणाले. मला पटलं.

तिथून ओकालाच्या जंगलातून ब्लू स्प्रिंगला. इथल्या झऱ्याचं पाणी बाराही महिने ७२ फॅरनहाइट, म्हणजे २२ सेल्सिअस. बाहेर सेंट जॉन्स नदी गार पडली की मॅनटी, तो मोठा पाणगाईसारखा प्राणी, सगळे आत झऱ्यात येतात, कारण एवढं अंग असूनही त्यांच्या अंगावर चरबी कमी, आणि साधारण ६८ च्या खालचं पाणी त्यांना फार काळ सोसत नाही. म्हणून इथे उलटा हिशोब, जितकी थंड सकाळ तितके जास्त मॅनटी. जानेवारी २०२४ मध्ये एका दिवशी ९०० च्या वर मोजले होते. मी गेले ती सकाळ फॅरनहाइटमध्ये चाळिशीतली, पाण्यावर वाफ, आणि लाकडी वाटेवरून खाली बघितलं तर तळ दिसत नव्हता, नुसत्या राखाडी पाठी. मधेच एखादं नाकपुड्या वर काढून फुस्स करून श्वास घेतं, शेजारी पिल्लू चिकटलेलं. बऱ्याच पाठींवर पांढरे चरे होते, ते बोटींच्या पंख्यांचे, आणि मोजणारे लोक याच चऱ्यांवरून एकेकाला ओळखतात. हे ऐकून वाईट वाटतं. बोट हळू चालवा म्हणून नदीत पाट्या आहेत, त्या सगळ्यांनी पाळाव्यात एवढंच. इथे गेट उघडायच्या आधी जा, पार्किंग भरलं की गाड्या घेणं बंद करतात.

मग लांबचा पल्ला, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळचं होमस्टेड. आणि तिथून एव्हरग्लेड्स. ६ डिसेंबर १९४७ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी या नॅशनल पार्कचं उद्घाटन केलं, आणि हा पार्क डोंगर-दऱ्यांसाठी नाही तर इथल्या जीवसृष्टीसाठी राखलेला. होमस्टेडच्या गेटपासून फ्लेमिंगोपर्यंत ३८ मैल रस्ता, मधे एका खिंडीची पाटी येते, उंची ३ फूट! पण त्या फूट-दोन फुटांवरच इथे सगळं ठरतं. जरा उंच तर पाइन, जरा खोल तर सायप्रस, मधे मैलोनमैल गवत, त्यातून पाणी अगदी संथ दक्षिणेला सरकतं. १९२८ मध्ये टामियामी ट्रेल हा रस्ता झाला आणि तो या पाण्याला बांधासारखा आडवा आला, आता त्याचे काही भाग उचलून पूल केलेत म्हणजे खालून पाणी जाईल. धानाच्या गावची असल्यामुळे बांधाने पाणी अडतं म्हणजे काय होतं हे मला कुणी समजवायची गरज नव्हती.

हिवाळा इथला कोरडा ऋतू. पाणी आटत खोल जागी गोळा होतं, मासे तिथे, म्हणून पक्षी तिथे, म्हणून मगरी तिथे. अनहिंगा ट्रेल जेमतेम मैलभराचा, पण मी दुपारपर्यंत तिथेच होते. अनहिंगा म्हणजे आपल्या नवेगाव बांधला दिसतो त्या तिरंदाजाचा भाऊबंद, पंख पसरून वाळवत बसलेला, तीच सापासारखी मान. जांभळ्या पाणकोंबड्या कमळाच्या पानांवरून चालत होत्या. पार्किंगमध्ये गिधाडं गाड्यांचे वायपर आणि दाराचं रबर खातात, म्हणून तिथे ताडपत्री ठेवलेल्या असतात, गाडी झाकून बांधून मगच जायचं.

फ्लेमिंगोला रस्ता संपतो, पुढे फ्लोरिडा बे. २००५ च्या कतरिना आणि विल्मा वादळांनी इथलं जुनं लॉज मोडलं, नवीन २०२३ मध्ये उघडलं. मरीनात एका बाजूला मॅनटी, दुसऱ्या बाजूला बोटी उतरवायच्या उतारावर अमेरिकन क्रोकोडाइल पडलेला. अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही एकत्र राहतात अशी जंगलातली जागा जगात फक्त दक्षिण फ्लोरिडा. मी टी-शर्टवर होते, ७६ फॅरनहाइट, नोव्हीला त्या दिवशी बर्फ पडत होता.

पेट्रोल फ्लोरिडा सिटीतच भरून घ्या. परत येताना होमस्टेडच्या फळांच्या स्टॉलवर थांबा, पेरू, पपई, स्टारफ्रूट, आणि की लाइम या छोट्या लिंबाचा मिल्कशेक घ्याच. क्रेन बघायचे असतील तर जानेवारीच्या शेवटापर्यंत जा, फेब्रुवारीत ते उत्तरेला निघायला लागतात. पुढच्या हिवाळ्यात मी जॉर्जियातल्या ओकिफेनोकीसाठी वेगळे दिवस ठेवणार आहे, तिथे कॅनू घेऊन दलदलीत आत जाता येतं आणि पाण्यावर बांधलेल्या लाकडी मचाणावर रात्री तंबू लावता येतो, परमिट आधी काढावं लागतं. आईला अजून सांगितलेलं नाही.