व्होल्टमीटरचा काटा

बारावीला रसायनशास्त्राचं पुस्तक इंग्रजीत आणि सरांचं शिकवणं अस्सल मराठीत. ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या हिशेबाचा धडा बहुतेक ठिकाणी सूत्रं लिहून संपवतात, कारण त्यावर गणितं येतात आणि गणितांना मार्क असतात. आपल्या सरांनी मात्र आम्हाला आधी प्रयोगशाळेत नेलं.

एका चंचुपात्रात मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) निळं द्रावण होतं. त्यात त्यांनी जस्ताची पूड टाकली आणि थर्मामीटर धरायला मला उभं केलं. पारा बघता बघता दहा-बारा अंश चढला, निळा रंग फिका पडला आणि तळाशी तांब्याचा लालसर गाळ बसला. "किती काम झालं?" सरांनी विचारलं. कोणी बोलेना. "शून्य. भांडं तापलं, एवढंच."

शेजारी तीच अभिक्रिया, पण जस्त एका भांड्यात, तांबं दुसऱ्यात आणि मधे दोन्ही द्रावणं जोडणारी, अगारची जेली भरलेली वाकडी नळी. १८३६ साली डॅनियलने बनवलेल्या सेलचीच ही शाळकरी आवृत्ती. व्होल्टमीटर १.१ दाखवत होता. असे दोन सेल एकापुढे एक जोडल्यावर लाल एलईडी मिणमिणला.

मग फळ्यावर हिशेब. ६५ ग्रॅम जस्त विरघळलं की साधारण २१९ किलोज्यूल उष्णता सुटते. पण इलेक्ट्रॉन दोन, फॅरेडेचा आकडा (एक मोल इलेक्ट्रॉनांवरचा विद्युतभार) ९६,५०० आणि व्होल्ट १.१ यांचा गुणाकार होतो २१२ किलोज्यूल. हीच गिब्ज फ्री एनर्जीतली घट, म्हणजे या अभिक्रियेकडून जास्तीत जास्त काढता येणारं विजेचं काम. उरलेले सातेक किलोज्यूल एन्ट्रॉपीच्या, म्हणजे ऊर्जेच्या विस्कळीतपणाच्या खात्यात जातात. ते कोणालाच टाळता येत नाहीत. हायड्रोजनच्या इंधन सेलमध्ये तर २८६ किलोज्यूलपैकी २३७ च हाती लागू शकतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

पण मला खरी गंमत वाटली ती पुढची. एलईडी पेटल्यावर व्होल्टमीटरचा काटा खाली सरकला. सर म्हणाले, "काही घेत नाही तोवर पूर्ण १.१. घ्यायला लागलात की घट. जेवढी घाई कराल तेवढं आतल्या आत उष्णतेत जाणार." कमाल काम मिळवायचं तर सेलमधून वीज इतकी सावकाश घ्यावी लागते की ते काम कधी पुरंच होणार नाही! बारावीतल्या पोराला हे जरा क्रूर वाटलं होतं. गिब्जने हे सगळं १८७६ ते १८७८ या काळात अमेरिकेतल्या एका प्रांतिक अकादमीच्या अंकात छापलं आणि बरीच वर्षं फारसं कोणी वाचलं नाही, हे मला पुढे इंजिनिअरिंगला कळलं.

आज मी साखर कारखान्याच्या को-जनरेशनला, म्हणजे एकाच वाफेवर वीज आणि रस उकळणं दोन्ही करणाऱ्या विभागात आहे. हंगामात बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या बॉयलरमधून ६७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशरची, पाचशे अंशांच्या आसपासची वाफ निघते. ज्यूस हीटरला आणि इव्हॅपोरेटरला लागते ती जेमतेम दीड किलोची. मधे टर्बाइन आहे. वाफ त्यातून उतरते, वीज करते आणि मग रस उकळायला जाते. टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं की गाळप थांबू नये म्हणून तीच वाफ आम्ही पीआरडीएसमधून, म्हणजे प्रेशर पाडणाऱ्या व्हॉल्व्हमधून सोडतो. रस उकळतोच. उष्णतेचा हिशेब पाहिला तर कुठे काही गेलेलं दिसत नाही, म्हणून नवीन पोरं विचारतात, "साहेब, नुकसान काय झालं?" नुकसान असं की त्या वाफेकडून जे काम करून घेता आलं असतं ते कायमचं गेलं, आणि बाहेर दिलेली वीज मोजणारा निर्यात मीटर तेवढा वेळ गप्प बसला. मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ते मी थर्मामीटर धरून आधीच पाहिलं होतं.

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या तुकडीने वर्गणी काढली आहे. ग्रुपवर बहुमत स्मार्ट बोर्डाकडे झुकतंय. माझं मत वेगळं आहे आणि ते इथे छापून टाकतो, म्हणजे नंतर कोणी नाही म्हणायला नको: निम्मे पैसे तरी रसायनाच्या प्रयोगशाळेला द्या. काट्याचे व्होल्टमीटर घ्या, डिजिटल नकोत, कारण काटा खाली सरकताना शेवटच्या बाकावरूनही दिसतो. जस्ताच्या पट्ट्या दरवर्षी नव्या लागतील, त्याचीही सोय करून ठेवा.