पहिलटकरणीची फाईल: काय, केव्हा आणि कुणाला विचारायचं

पहिल्या खेपेला दिवस राहिले की माहितीला तोटा नसतो. आई, सासू, शेजारीण, मोबाइलवरचे व्हिडिओ, सगळीकडून ती येत राहते. पण कामाची गोष्ट नेमकी तिची वेळ टळल्यावर कळते. म्हणून सगळ्यात आधी एक तारीख कागदावर लिहा: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस.

समजा ती १० जून आहे. त्यात सात दिवस मिळवून नऊ महिने पुढे गेलं की १७ मार्च, ही बाळंतपणाची अंदाजे तारीख. पाळी २८ ऐवजी ३५ दिवसांनी येत असेल तर आणखी सात दिवस धरा. आठवडेही १० जूनपासूनच मोजायचे. पाळी चुकल्यावर चाचणी केली तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. इथे गफलत झाली की पुढच्या सगळ्या तपासण्यांच्या तारखा सरकतात.

पहिल्या बारा आठवड्यांत जवळच्या हेल्थ सेंटरवर किंवा उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे नाव नोंदवा. खाजगी डॉक्टरकडे जात असाल तरीही नोंदवा. तिथे माता व बाल संरक्षण कार्ड मिळतं. आमच्या मते गरोदरपणावरचं सगळ्यात उपयोगी वाचन हेच आहे: तपासण्या, लशी, धोक्याची लक्षणं, बाळाची वाढ, सगळं एका ठिकाणी. पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी आणि साखर यांच्या तपासण्या होतात. रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह निघाला, तर २८व्या आठवड्यातल्या अँटी-डी इंजेक्शनबद्दल तेव्हाच विचारून ठेवा.

सोनोग्राफीच्या तारखा मात्र चुकवू नका. पहिली महत्त्वाची ११ ते १४ आठवड्यांमधली. आपल्या उदाहरणात ती २६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरच्या दरम्यान येते, म्हणजे बहुतेक वेळा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास. त्या दिवसांत केंद्रं बंद असू शकतात, म्हणून अपॉइंटमेंट आधीच घ्या. दुसरी, बाळाचे अवयव नीट तपासणारी, १८ ते २० आठवड्यांत: १४ ते २८ ऑक्टोबर. ती लांबवू नका, कारण गंभीर दोष आढळला तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ हातात लागतो. ओळखपत्र न्या, फॉर्म भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.

साखरेची चाचणी पहिल्या भेटीत होते आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तसं सांगा. चाचणी दुसऱ्या दिवशी परत करावी लागते.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. पहिल्या तीन महिन्यांत फोलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी किमान १८० दिवस, आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. सकाळी चहा-पावाबरोबर लोहाची गोळी घेतली तरी तेच होतं, चहा लोह अडवतो. सोपी सवय अशी: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या खाण्यानंतर, लोह रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत. रात्री घेतल्याने मळमळही कमी जाणवते. शौचाला काळं होणं नेहमीचं आहे, घाबरून गोळी थांबवू नका. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर डोस डॉक्टर वाढवतील, ७च्या खाली गेलं तर इस्पितळातच उपचार लागतात.

मासे बंद करायची गरज नाही. बांगडे, तारले खुशाल खा. मोरी (शार्क मासा) टाळा, तिच्यात पारा जास्त असतो. तिसऱ्या (शिंपल्या) पूर्ण शिजवूनच.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. मनातले प्रश्न लिहून न्या. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला, जुळं आहे, मधुमेह आहे, तर बाळंतपण कुठे करायचं हेही तिथेच ठरवा. गोव्यात म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं की बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), हा निर्णय कळा सुरू झाल्यावर घ्यायचा नसतो.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पात्रतेच्या अटी आणि अर्ज दोन्ही अंगणवाडीत मिळतील. पैसे अडकतात ते बहुधा दोन कारणांनी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं. अर्ज करण्याआधी दोन्ही जुळवून घ्या. नोकरी करत असाल तर २६ आठवड्यांच्या पगारी रजेबद्दल ऑफिसात लेखी विचारा.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल, समजा पेडण्याहून काणकोणला, तर ३४व्या आठवड्याच्या आत पोहोचा आणि तिथल्या इस्पितळात फाईलसकट एकदा तपासून घ्या. रक्तस्राव, पाणी जाणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर मोबाइलवर शोधत बसू नका, १०८ फिरवा. फोनवर गावाबरोबर वाड्याचं नाव आणि जवळचं देऊळ किंवा कपेल (छोटं चर्च) सांगा. हा पत्ता फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे घरात जो कुणी असेल तो वाचून सांगू शकेल.