आमची वाटचाल : ऑपरेटरचा शिफ्ट इनचार्ज होताना

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात साध्या लेथवर जॉबवर्क करत आमची सुरुवात झाली. पुढे सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या) लेथ आल्या, दुसरी शिफ्ट सुरू झाली. मशीन कर्ज काढून आणता येते, पण रात्रीची शिफ्ट निभावणारा माणूस घडवायला वेळ द्यावाच लागतो. लहान कारखान्याची वाढ बहुतेक वेळा इथेच अडते.

आयटीआय करून आलेल्या टर्नर, मशिनिस्ट मुलांना आम्ही आधी मोजायला बसवतो. ड्रॉइंगवर शाफ्टचं माप २५ h7 (लहान एच) असेल तर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, २५.००० ते २४.९७९ मिमीच्या आत हवा. ०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्नियरवर तो पास करायचा नाही. मायक्रोमीटरच हवा, तोही रॅचेट (ठराविक दाबाला घसरणारी टोकाची कळ) फिरवून. शिवाय नुकताच उतरलेला गरम जॉब मोजायचा नाही. ५० मिमी व्यासाचा पोलादी जॉब २० अंशांनी जास्त तापलेला असेल तर साधारण ११-१२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) मोठा भरतो. नवखा ऑपरेटर लगेच ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलच्या जागेची दुरुस्ती) कमी करतो आणि थंड झाल्यावर अख्खा लॉट अंडरसाइज निघतो.

मोजमाप पक्कं झालं की अधिकार द्यायचे, पण टप्प्याटप्प्याने. आधी न विचारता ०.०२ मिमीपर्यंत वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेपुरता ऑफसेट) बदलायची मुभा, प्रत्येक बदलाची रजिस्टरमध्ये नोंद. मग इन्सर्ट (टूलच्या टोकाची बदलता येणारी कापणारी चकती) बदलणं: बाहेरच्या व्यासासाठी ऑफसेट ०.२ मिमी वाढवून पहिला कट घ्यायचा, मोजायचं, मग साइजवर आणायचं. इथे अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं की जॉब गेलाच. शेवटी नवीन प्रोग्रॅम, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ चालवत) आणि रॅपिड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, २५ टक्क्यांवर ठेवून. एवढं जमलं की मुलगा सेटर, म्हणजे जॉबसाठी मशीन लावून देणारा, झाला.

सेटरचा इनचार्ज करताना मात्र घाई नको. सगळ्यात हुशार सेटरला खुर्ची दिली जाते, अडचण आली की तो स्वतःच मशीनवर जाऊन उभा राहतो आणि बाकीच्या मशीनकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. चांगला सेटर गेला, इनचार्जही मिळाला नाही. म्हणून आधी इनचार्जच्या रजेच्या दिवशी बदली म्हणून काम द्यावं आणि तो शिफ्ट कशी सोपवतो ते बघावं. शिफ्ट बदलताना १५ मिनिटं दोघंही हजर हवेत. मशीनपाशी उभं राहून, शेवटचा जॉब हातात घेऊन बोलायचं: शेवटचा ऑफसेट किती, इन्सर्टच्या या कडेवर किती जॉब झाले, कूलंट कधी टाकलं. ऑफिसात बसून दिलेल्या चार्जमध्ये नेमकं हेच राहून जातं.

रिजेक्शनचा लाल डबा रोज रिकामा दिसला तर आम्हाला आनंद होत नाही. चुकलेले जॉब कुणीतरी बाजूला सारतंय, असंच आम्ही धरून चालतो. इनचार्जने आधी ‘कुणी केलं’ विचारलं की मुलं लपवायला लागतात. ‘कितव्या जॉबपासून बिघडलं?’ असं विचारलं तर वेळ, इन्सर्ट, ऑफसेट सगळं बाहेर येतं आणि त्यापुढचेच जॉब तपासावे लागतात. हा प्रश्न आपणहून विचारणारा माणूस आम्ही निवडतो, मग त्याचा सेटिंगचा हात थोडा कमी असला तरी चालतो.

माणसं सांभाळायची ज्याला आवडच नाही, अशा उत्तम सेटरसाठी आम्ही सीनियर सेटर हा वेगळा दर्जा ठेवला आहे. पगार इनचार्जएवढाच, आणि नवीन जॉबची पहिली सेटिंग त्याच्याच हातची.