बिलामागचे चार आकडे : आमची वाटचाल

चिपळूणला बाजारपेठेमागच्या गल्लीत आम्ही दोघा भावांनी दुचाकीचं इलेक्ट्रिकचं काम सुरू केलं, तेव्हा गाळा दहा बाय आठचा होता. जवळ एक चार्जर, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारा एक हायड्रोमीटर आणि दोन वायरी जोडलेला इंडिकेटरचा बल्ब. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं आणि रात्रभर चार्जिंगला लावायचं, हेच मुख्य काम. बॅटरी उतरली तरी कुणाचं फारसं अडत नसे, किक मारली की गाडी चालू.

आमची कामाची पद्धत बदलली ती गुहागरकडच्या एका मासळीवाल्या काकांमुळे. आठ महिन्यांत दुसरी बॅटरी टाकली होती, तरी सकाळी सेल्फ नुसता टिकटिक करायचा. "तिसरी द्या, पण चांगली द्या," म्हणाले. भावाने मीटर लावला तर १२.७ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. सेल्फ दाबला तरी आकडा साडेअकराच्या खाली येईना. बॅटरी गेलेली असती तर तो नऊच्याही खाली कोसळला असता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारला. तिथे फार तर पाव व्होल्ट दिसायला हवा. जवळजवळ दोन दिसले, म्हणजे मधल्या जोडात वीज अडत होती.

अर्थची वायर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडून येणारी, इंजिनला जिथे आवळलेली असते, तिथला बोल्ट चांगला घट्ट होता. खोलला, तर थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, पांढरट-हिरवी पूड. खारा वारा आणि मासळीच्या पेटीतून ठिबकणारं पाणी, दोन्ही तिथेच मुरलेलं. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चमकेपर्यंत घासल्या, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. आकडा ०.१ वर आला आणि पहिल्याच दाबात गाडी चालू. काकांकडून साठ रुपये घेतले. दोन बॅटऱ्यांचे पैसे त्या माणसाने उगाच घातले होते, ते मला फार लागलं.

त्या दिवसापासून चार आकडे घेतल्याशिवाय आम्ही बॅटरी विकत नाही. गाडी बंद असताना, सेल्फ दाबताना, रेस देऊन आणि अर्थचा. रेस दिल्यावर चौदाच्या आसपास मिळायला हवेत. तेरालाही पोचत नसेल तर इंजिनमध्ये वीज तयार करणारी मॅग्नेट कॉइल, ती वीज बॅटरीला मापात देणारं आरआर युनिट आणि मधले कप्लर, म्हणजे वायरींचे प्लगसारखे जोड, बघायचे. पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट बॅटरीला उकळवतंय. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही मरते.

२०१७च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचे हेडलाइट कायम चालू राहू लागले. २०२०ला बीएस सिक्स हे धुराचे नवे नियम आले, पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आले, बऱ्याच गाड्यांची किक गेली. आता एक सैल कप्लरही माणसाला घाटात उभं करतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गाळ्यात छतापर्यंत चढलं. चार्जर, मीटर, बॅटऱ्यांचा माल, ग्राहकांची वही, सगळं गेलं. चिखल उपसत असतानाच लोक गाड्या ढकलत आले. प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच : चावी फिरवू नका. आधी निगेटिव्ह सोडवायचं, मग पॉझिटिव्ह. प्रत्येक कप्लर उघडून गोड्या पाण्याने चिखल काढायचा, हवा मारायची, पूर्ण सुकल्यावर पिना साफ करणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. एकेका गाडीला अख्खा दिवस जायचा. घाईने नुसत्या वरून धुऊन चालू केलेल्या कितीतरी गाड्या दोन महिन्यांनी परत आल्या. कप्लरमधल्या पिना हिरव्या पडून तुटलेल्या. तेव्हा रस्त्यावर पाट टाकून केलेल्या त्या कामाने दुकान पुन्हा उभं राहिलं.

आज दोन मुलं कामाला आहेत, आणि माझी पुतणी आयटीआय करून आमच्यात आली आहे. बिलाच्या पाठीवर चार आकडे तीच लिहिते. बॅटरी खरंच गेलेली असेल, तर सेल्फ दाबताना मीटर गिऱ्हाइकाच्या हातात देते आणि आकडा त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगते.